शिवणीतील माया

सप्टेंबर २०२३ पर्यंत अंतरवाली सराटी हे नाव महाराष्ट्रातील बहुतेकांच्या कानावरही आले नव्हते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, वडीगोद्रीच्या जवळ, गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या मातीवर वसलेले हे एक शेतकऱ्यांचे गाव. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी श्री. मनोज जरांगे पाटील यांनी तेथे उपोषण आरंभिले, १ सप्टेंबर रोजी लाठीमार झाला आणि एका रात्रीत हे नाव घरोघरी पोहोचले. त्या मागणीचे गुणदोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. वर्तमानपत्रांतून आलेली तेथील गर्दीची छायाचित्रे मी पाहत होतो आणि माझी दृष्टी पुन:पुन्हा एकाच ठिकाणी जात होती, ती म्हणजे माणसांच्या खांद्यांवर. बहुतेकांच्या अंगात बाजारातून विकत घेतलेले तयार शर्ट. कोणाची खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कोणाची कॉलर मानेपासून सुटलेली, कोणाची बाही मनगटाच्या वर चढलेली. त्यांच्याच गळ्यात भगवी उपरणी होती. ती न बेतलेली, न शिवलेली, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर मात्र नीट बसलेली.

खांदे पाहण्याची ही सवय मला का लागली, ते प्रथम सांगितले पाहिजे. लहानपणी विहिरीच्या काठावरून पडून माझ्या डाव्या खांद्याचे हाड मोडले आणि ते वाकडे जुळले. तेव्हापासून माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली आहे. सेमिनरीत असताना पहिला पांढरा झगा शिवून घेण्यासाठी मी शहरातल्या एका प्रसिद्ध दुकानात गेलो. माप घेणाऱ्या गृहस्थांनी माझा खांदा हाताने वर ढकलला आणि म्हणाले, “ब्रदर, सरळ उभे राहा.” मी सरळच उभा होतो. झगा आला तेव्हा डावीकडे काखेपासून कमरेपर्यंत त्याला एक तिरपी घडी पडत होती आणि खालची कड एका बाजूस जमिनीला लागत होती. पुढे अनेक वर्षे मी तसेच झगे वापरले. मिस्सेत दोन्ही हात वर करताना सगळा झगा अंगाबरोबर वर ओढला जाई. हा माझ्याच शरीराचा दोष आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझी काही काळ मराठवाड्यात नेमणूक झाली. एकदा अंबड तालुक्यातून जात असता मोटारसायकलच्या साखळीत झग्याची कड अडकून फाटली. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक वृद्ध शिंपी बसले होते. गावातले लोक त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही तसेच म्हटले. त्यांनी फाटकी कड पाहिली, मग झगा पाहिला, मग बराच वेळ मला पाहिले.

“फादर, ह्यो झगा तुमच्यासाठी शिवलाच न्हाई,” ते म्हणाले.

“माझा खांदा उतरलेला आहे, चाचा,” मी म्हणालो.

“ते दिसतंय की. समद्यांचाच एक खांदा उतरल्याला असतो. तुमी कामात हात कसं करता ते दाखवा.”

मला क्षणभर प्रश्न कळला नाही. मग मिस्सेत प्याला उंचावताना करतो तसे दोन्ही हात मी वर केले. चाचांनी काखेजवळचे कापड चिमटीत धरून पाहिले, मला खाली वाकायला लावले, पुन्हा हात वर करायला लावले. टेप त्यांच्या गळ्यात होता, परंतु तो त्यांनी सर्वांत शेवटी घेतला. आठ दिवसांनी नवा झगा तयार झाला. तो घालून मी हात वर केले तेव्हा खालची कड जागची हलली नाही. काखेत त्यांनी एक चौकोनी तुकडा कर्णावर फिरवून बसवला होता. त्यांचे वडील शेतकऱ्यांच्या बंड्या शिवत. हा तुकडा त्या बंडीतला होता.

त्या दिवसापासून मी या विषयावर जमेल तेथून वाचत आलो. काखेतील वीतभर तुकड्याचा इतिहास आपल्याला लांबवर घेऊन जातो.

आपल्याकडील जुना पुरुषी पोशाख मुख्यत: न शिवलेला होता: धोतर, उपरणे, डोक्याला पटका किंवा मुंडासे. गावगाड्याच्या रचनेतही याची खूण सापडते. सुतार, लोहार, चांभार, कुंभार हे बलुतेदार, म्हणजे ज्यांच्यावाचून गावाचे रोजचे अडेल असे कारागीर. शिंप्याची गणना बहुधा अलुतेदारांत होते. लोकांना तो हवा असे, पण त्याच्यावाचून नांगर थांबत नसे. म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्याच नरसी गावचे म्हणून मानले जाणारे संत नामदेव शिंपी कुळातले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई ही शिंप्याची हत्यारे नामस्मरणाची रूपके होऊन आली आहेत.

जे शिवलेले कपडे होते, ते म्हणजे बंडी, पैरण, कुडते, अंगरखा, बाराबंदी. त्यांची बांधणी आजच्या शर्टाहून मुळातच निराळी. हातमागावरचे कापड अरुंद, आणि ते कोणीतरी दिवसच्या दिवस बसून विणलेले असल्यामुळे महाग. त्याला गोल कात्री लावणे म्हणजे विणकराच्या श्रमांची माती करणे. म्हणून शिंपी सरळ रेषेत कापी. पाठ आणि पोट यांसाठी एक लांब पट्टी खांद्यावरून दुमडायची, म्हणजे खांद्यावर शिवणच नाही. बाह्यांसाठी दोन आयत. बाजूंना चालताना घेर मिळावा म्हणून त्रिकोणी कळ्या. काखेत हात उचलता यावा म्हणून तो चौकोनी तुकडा. असा कपडा उसवून तुकडे पुन्हा शेजारी मांडले तर जवळजवळ अखंड कापड तयार होते. उरलेल्या चिंध्या गोधडीत जात.

टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयातील डोरोथी बर्नहॅम या विदुषीने १९७३ साली जगभरच्या जुन्या कपड्यांचे बेत मांडून दाखवले, की कपड्याचा आकार पुष्कळदा मागाच्या रुंदीने ठरलेला असतो. जेथे माग अरुंद तेथे पट्ट्या अधिक. जेथे माग रुंद तेथे जोड कमी. योहानलिखित शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने वाचून पाहावा. प्रभूचा अंगरखा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला, बिनशिवणीचा होता, म्हणून क्रुसाखालच्या शिपायांनी तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी या अखंडतेत ऐक्याचे प्रतीक पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु शिपायांचा हिशेब साधा होता. अखंड विणलेले वस्त्र फाडले की त्याची किंमत गेली, हे त्या काळी कोणालाही सांगावे लागत नसे.

बाराबंदीकडे थोडे थांबून पाहू. बारा बंदांनी बांधायची म्हणून बाराबंदी. तिला बटण नाही, काज नाही. पुढचे दोन पदर एकमेकांवर घ्यायचे आणि बंद आवळायचे. सुगीनंतर माणूस भरला तर बंद सैल, दुष्काळात वाळला तर बंद घट्ट. एकच बाराबंदी थोरल्याने घातली आणि धाकट्याला दिली तरी चालते. मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापूरला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तेव्हा उंचच उंच नंदीध्वज पेलून नेणारे मानकरी आजही पांढऱ्या बाराबंदीत असतात. तो ध्वज पेलायचा म्हणजे हात, पाठ, कंबर सगळे एकाच वेळी ताणले जाते. इंग्रजी धर्तीचा कोट घालून तो कोणी पेलून दाखवावा, असे मला वाटते.

तो कोट आपल्या भागात केव्हा दिसला? जालना जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्याची एक ठळक तारीख देता येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्ली याने शिंदे आणि भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्याच्या फौजेत ७४वी आणि ७८वी या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील दोन पलटणी होत्या. सप्टेंबरच्या उकाड्यात अंगाला घट्ट बसणारे लाल बनाती डगले घातलेली माणसे मराठवाड्याच्या नाल्यातून चालत येताना गावकऱ्यांनी पाहिली असतील. हा प्रसंग स्मरणात ठेवावा, कारण स्कॉटलंडच्या शिपायांची छाती पुढे आपल्या विषयात पुन्हा येणार आहे.

युरोपातही कोट नेहमीच अंगाच्या मापाने बेतला जात नव्हता. स्पेनमधील शिंपी हुआन दे अल्सेगा याचे बेतकामाचे पुस्तक माद्रिदला १५८० साली छापले गेले. त्यातल्या आकृत्यांमध्ये मुख्य चिंता आहे ती कापडाची, म्हणजे एवढ्या पन्ह्यात झगा, डगला, पाद्र्याचा पायघोळ कसा मांडावा की तुकडा वाया जाऊ नये. आपल्या बंडीच्या शिंप्याला ते पुस्तक परके वाटले नसते. त्या काळी गिऱ्हाइकाचे माप इंचांत नसे. चामड्याची किंवा कागदाची एक पट्टी अंगाभोवती धरून जेथे छाती संपली तेथे एक खाच, जेथे कंबर संपली तेथे दुसरी खाच पाडायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतंत्र पट्टी खिळ्याला टांगलेली असे. एकाची पट्टी दुसऱ्याच्या उपयोगाची नाही, आणि दोन पट्ट्यांची तुलना करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंचांच्या खुणा असलेला टेप शिंप्यांच्या हाती आला आणि सारे बदलले. खाचेच्या जागी आकडा आला. आकडे वहीत लिहिता येतात, त्यांची बेरीज-भागाकार करता येतो, छातीवरून खांद्याचा अंदाज बांधता येतो. १८३४ साली हेन्री वाम्पेन या जर्मन गणितज्ञाने लंडनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषयच असा, की पुरुषांच्या अंगयष्टी निरनिराळ्या असतात, तर त्यांप्रमाणे कपडा कापण्याचे गणित काय असावे? हा प्रश्न थोर होता. कापडावरून माणसाकडे नजर वळवण्याचे धाडस त्यात होते. मुंढा गोल कापणे, पाठीला वळण देणे, कमरेत टक घेणे, बाहीला कोपरात किंचित वाक देणे ही कोटाची कला याच काळात पूर्णत्वास आली. चांगला लंडनचा शिंपी वाकड्या खांद्याला आत भर घालून सरळ दाखवी, आणि मुंढा उंच व लहान ठेवून हातालाही मोकळीक देई. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु माप घेताना त्याचे गिऱ्हाईक आरशासमोर हात खाली सोडून स्तब्ध उभे असे. कोट त्या स्तब्ध माणसाचा होता.

येथे भाषेची एक गंमत सांगून पुढे जातो. शिवणकामातील आपले कितीतरी शब्द आपल्याला पश्चिम किनाऱ्यावरून मिळाले. बटणाचे ‘काज’ हे पोर्तुगीज भाषेतील घर या अर्थाच्या शब्दावरून आलेले, म्हणजे बटणाचे घर. ‘फीत’ही पोर्तुगीज, आणि ‘इस्त्री’चे मूळही बहुतेक अभ्यासक तेथेच शोधतात. ‘दर्जी’ फारसीतून आला; ‘दर्ज’ म्हणजे शिवण. शिंपी, कात्री, सुई आपली. वसईपासून जालन्यापर्यंत कोणत्याही दुकानात पाच मिनिटे उभे राहिले की हे सगळे शब्द एका वाक्यात ऐकू येतात.

आता स्कॉटलंडच्या शिपायांकडे वळू. असईत लढलेले शिपाई हे नव्हेत. हे स्कॉटलंडमधील स्थानिक लष्कराचे. १८१७ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या उंचीचे व छातीच्या घेराचे तक्ते प्रसिद्ध झाले. हे आकडे सैन्याला पुरवठा करणाऱ्या एका कंत्राटदाराकडून आले होते. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याने १८३५ साली ‘सरासरी मनुष्य’ ही कल्पना मांडली होती. १८४६ मध्ये त्याने या ५,७३८ शिपायांच्या छात्यांची सरासरी काढली, ती सुमारे ४० इंच भरली. ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजले की प्रत्येक मोजणीत थोडी चूक होते आणि खरे स्थान सरासरीत सापडते, हे खगोलशास्त्राचे तत्त्व. केटलेने तेच माणसाला लावले. निसर्गाला ४० इंचांची छाती अभिप्रेत आहे आणि ३६ किंवा ४४ इंचांचे शिपाई म्हणजे त्या आदर्शापासून झालेली चूक!

दर्शनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या विचारातील दोष उघड दिसतो. ताऱ्याचे स्थान एकच असते. माणसे अनेक असतात. संत थॉमस अक्वायनस वाचलेल्या कोणाही सेमिनरीयनाने केटलेला हा प्रश्न विचारला असता. परंतु कल्पना एकदा बाजाराच्या उपयोगी पडली की तिच्यातील तर्कदोष कोणी पाहत नाही. १८३० साली तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्र केले. त्यावर सैन्याचे गणवेश शिवू लागताच पोट जाण्याच्या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी ती यंत्रे फोडली. १८५१ मध्ये सिंगरने अमेरिकेत पेटंट घेतले. तेथील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लाखो गणवेश ठरावीक मापांत शिवले गेले आणि युद्ध संपल्यावर त्याच रीतीने नागरिकांचे कपडे तयार होऊ लागले. आपण दुकानात मागतो ती एस, एम, एल ही अक्षरे त्या मार्गाने आली आहेत. (गांधीजी यंत्रांच्या मोहाविरुद्ध बोलत, परंतु १९२४ साली शिवणयंत्राला त्यांनी जाणीवपूर्वक अपवाद केला. त्यांच्या दृष्टीने ते माणसाला कामावरून न काढणारे, त्याचे श्रम हलके करणारे यंत्र होते. चाचांच्या पायाखालचे जुने, काळे यंत्र आठवले की हा अपवाद मला पटतो.)

एवढे वाचून कोणी म्हणेल, की फादरांना बंडी प्रिय आणि कोट अप्रिय. तसे नाही. मराठवाड्यात राहिलेल्या माणसाला तसे म्हणता येणारच नाही.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या संस्थानात होता. तेथील दरबाराचा आणि अंमलदारांचा पोशाख शेरवानी. तीही अंगरखा आणि युरोपीय लांब कोट यांच्या संयोगातून एकोणिसाव्या शतकात घडलेली; गळ्यापासून बटणे, छातीला घट्ट, खाली घेर. शेरवानीवाला खुर्चीवर बसे आणि बंडीवाला खाली जमिनीवर. म्हणजे अंगाला बसणारा कपडा अधिकाराची खूण झाला होता. जोतीराव फुले यांनी ही खूण उलटी वापरली. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. अंगावर तोच वेष असलेली कोट्यवधी माणसे बाहेर आहेत, हे त्यांना पाहुण्यांना दाखवायचे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके दुसऱ्या बाजूने उत्तर दिले. ज्यांनी अंगभर चांगले वस्त्र घालू नये, घातले तर मळके घालावे, अशी शतकांची सक्ती होती, त्यांच्यातला एक माणूस उत्तम बेतलेल्या तीन तुकड्यांच्या सूटमध्ये उभा राहिला. १९५० साली त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, अंबड तालुक्यातूनही, निळ्या कोटातील त्यांचे पुतळे आज उभे आहेत. आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेकांचे पूर्वज याच वंचित समाजातून आलेले. अशा घरांत आजोबांचा लग्नातील कोट ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलेला मी पाहिला आहे. तो कोट त्यांना घट्ट होता की सैल, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही. आपल्या अंगाचे माप कोणीतरी हात लावून घेतले, अंगाला स्पर्श करून घेतले, हेच त्या पिढीला केवढे तरी होते. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या खांद्यावर शिंप्याने टेप ठेवणे ही इतिहासातील लहान घटना नव्हे.

म्हणून वाम्पेनचा प्रश्न मला आजही योग्य वाटतो: माणसे निरनिराळ्या घडणीची आहेत, तर कपडा त्यांच्याप्रमाणे कसा कापावा? बाजाराने तो प्रश्न अर्ध्यात सोडला आणि त्याच्या जागी केटलेची सरासरी ठेवली, ही माझी तक्रार आहे. युरोपातही तिच्याविरुद्ध अधूनमधून लोक उठले. १९२९ साली इंग्लंडमध्ये पुरुषांच्या पोशाखसुधारणेसाठी एक पक्षच निघाला होता. ताठ कॉलर आणि जाड कोट आरोग्याला घातक आहेत, असे त्याचे म्हणणे; लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचे डीन इंग यांच्यासारखे धर्मपंडितही त्यात होते. १९४० पर्यंत तो विरून गेला. त्याहून खोल काम अलीकडचे आहे. स्वीडनमधील बोरास विद्यापीठात रिकार्ड लिंडक्विस्ट या शिंप्याने २०१५ साली प्रबंध सादर केला. त्याचे प्रतिपादन असे, की बेतकामाची प्रचलित पद्धत स्तब्ध उभ्या शरीरावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी टाकते. शरीर मात्र हलण्यासाठी आहे. तेव्हा कापड अंगावर कोठून तोलले जाते, हात उचलताना त्वचा कोठून कोठे ओढली जाते, तेथून सुरुवात करावी. ते वाचताना मला पत्र्याची शेड आठवली. “तुमी कामात हात कसं करता?” हा चाचांचा प्रश्नही तेथूनच सुरू होत होता.

अलीकडे आपल्या देशाचीही मापे घेण्याचे काम हाती घेण्यात आले. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाची पाहणी हाती घेतली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील सहा शहरांतून १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापे किरणयंत्राने घेण्याचा तिचा आराखडा होता. इंग्लंड-अमेरिकेच्या मापांवर बेतलेले कपडे भारतीय अंगाला बसत नाहीत, हे त्यामागचे कारण रास्त आहे. परंतु यादीतली सहाही शहरे आहेत. जालना आणि बीड या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. पाच-सहा महिने रोज वाकून कोयता चालवायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. अशा माणसाचा कोयत्याचा खांदा जड होतो, पाठ पुढे येते, मान आखडते. त्याची छाती ३८ इंच भरेल, परंतु शहरातील कार्यालयात बसणाऱ्या ३८ इंचांशी तिचा संबंध काय? पाठीला कापड कमी पडते आणि पोटाला जास्त होते. तो शर्ट वर्षाच्या आत काखेत फाटतो. चौकोनी तुकडा जेथे असायला हवा होता, नेमका तेथेच. शिंप्यांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत अशा अंगाला ‘विकृत’ म्हटलेले आढळते. श्रमाने घडलेल्या अंगाला हा शब्द लावावा, याचे मला अजून वाईट वाटते.

शिंप्यांच्या भाषेत एक शब्द आहे, तो आपल्या पुष्कळ वाचकांच्या घरातील स्त्रियांना ठाऊक असेल. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला ‘माया’ म्हणतात. “दोन बोटे माया सोडली आहे,” असे शिंपी सांगतो. पोरगा वाढेल, बाप जाड होईल, लग्नानंतर जावई भरेल, तेव्हा उसवून सोडता यावे म्हणून. कारखान्यात शिवलेल्या कपड्यात माया जवळजवळ नसते. हजार शर्टांतून प्रत्येकी दोन बोटे कापड वाचले की किती थान वाचतात, हा तेथला हिशेब आहे. मिठाच्या आणि जिऱ्याच्या मापात जसे आपण सढळ असतो, तसे शिंपी मायेत असत. शिलाई मात्र ते घासाघीस करून घेत, हेही खरे.

गेल्या वर्षी एका अंत्यविधीच्या निमित्ताने मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. शेड आहे, चाचा नाहीत. त्यांचा मुलगा बसतो. नवे कपडे शिवायला फारसे कोणी येत नाही, असे तो म्हणाला. सणाच्या आधी तयार पँटी येतात, त्यांची लांबी कमी करायची, कंबर आवळायची, साखळी बदलायची. कंबर सैल करून मागणारेही येतात. “पण सोडायला आत काही नसतंच, फादर,” तो म्हणाला. तेथेच एक म्हातारे शेतकरी जाड सुती कापडाचा तुकडा घेऊन बसले होते. त्यांना बंडी शिवून हवी होती, आतल्या खिशासहित. मुलाने त्यांचे माप घेतले, छाती, लांबी, बाही, आणि मग टेप बाजूला ठेवून म्हणाला, “आबा, हात वर करा बरं.”

माझा तो जुना झगा मी बरोबर नेला होता. वीस वर्षांत माझे वजन बरेच वाढले आहे आणि डॉक्टरांच्या मते ते वाढायला नको होते. मुलाने झगा उलटा करून शिवणी पाहिल्या. डावीकडे एकदा आणि उजवीकडे दोनदा पूर्वी सोडल्याच्या टाक्यांच्या खुणा होत्या. त्या त्याच्या वडिलांच्या हातच्या. आतमध्ये अजून बोटभर कापड शिल्लक होते. त्याने ब्लेडने टाके उसवायला घेतले आणि मला म्हणाला की तासाभराने या.